आईच्या गुडघ्यांनी निवडलेली मर्सिडीज

आमच्या सोसायटीत वॉचमन बदलला की पहिल्या आठवड्यात एक प्रश्न येतोच. मागच्या महिन्यात नवीन आलेल्या काकांनी गेट उघडता उघडता विचारलं, साहेब हा स्टार कुठून बसवून घेतला, मस्त दिसतोय. मी म्हटलं कंपनीतूनच आलाय. ते हसले, म्हणाले, हां हां, कंपनीतूनच. म्हणजे विश्वास बसला नाही. त्यांची चूकही नाही म्हणा, पुण्यातल्या निम्म्या टेम्पोंच्या मागे मर्सिडीजचा तो स्टार चिकटवलेला असतो आणि माझी गाडी बाजूने बघितली तर वॅगन आर जिमला जाऊन आल्यासारखी दिसते.

तर ही मर्सिडीज बी-क्लास. बी १८० सीडीआय, २०१४ ची, डिझेल, ऑटोमॅटिक, हॅचबॅक. २०१९ ला सेकंड हँड घेतली, आता सातवं वर्ष चालू आहे. अशी गाडी भारतात विकली जायची हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं ते "अरे ती? ती फ्लॉप गेली ना" म्हणून मोकळे होतात. फ्लॉप गेली हे खरंच आहे. पण घरात वापरायला याहून सोयीची गाडी मी अजून बघितली नाही, त्यावर एकदा बसून लिहायचं होतं, आज लाइट गेलीय आणि लॅपटॉपला चार्जिंग आहे तर लिहूनच टाकतो.

घेतली कशी ते आधी. आमच्याकडे तेव्हा एक जुनी सेडान होती आणि आईचे गुडघे. सेडानमध्ये बसायचं म्हणजे आई आधी पाठ करून उभी राहायची, दाराला धरायची, देवाचं नाव घ्यायची आणि धपकन खाली पडायची, उतरताना तर मी एका हाताने ओढतोय, बायको मागून ढकलतेय आणि मागची रिक्षा हॉर्न मारतेय. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन आत्ता नको, दोनतीन वर्षं ढकलू. मग म्हटलं गाडीच बदलू. भावाची एसयूव्ही ट्राय केली तर आई म्हणाली, मला काय घोड्यावर बसवतोयस का, लग्न आहे माझं? म्हणजे खाली नको आणि वरही नको.

मग मी जरा इंजिनिअरपणा केला. घरात आई ज्या खुर्चीतून कुणाचा हात न धरता उठते ती मोजली, जमिनीपासून साधारण बावीस इंच. आणि खिशात टेप घेऊन गाड्या बघायला लागलो. बजेट बारा लाख. सेकंड हँड गाड्यांच्या एका यार्डात गेलो तर तो एजंट मला चकचकीत जर्मन सेडान दाखवतोय आणि मी दार उघडून सीटला टेप लावतोय. दोनतीन गाड्यांनंतर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. कोपऱ्यात ही ग्रे रंगाची उभी होती, काचेवर धूळ. म्हणाला ती राहू द्या सर, तिला रिसेल नाही, दोन महिने झाले कुणी विचारलं नाही. टेप लावली. बावीसच्या आत-बाहेर.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन गेलो. ती नुसती वळली आणि बसली. हात नाही, देव नाही, काही नाही. पुन्हा उतरली, पुन्हा बसली, मग मागच्या सीटवर जाऊन बसली, पाय लांब केले आणि तिथूनच म्हणाली, ही घे. मी म्हटलं आई ही मर्सिडीज आहे. तर म्हणे, असू दे, बसायला बरी आहे.

अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर झालेली, एकाच मालकाची, साडेअकराला ठरली. हे डिझेल मॉडेल २०१३ मध्ये नवीन आलं तेव्हा हिची किंमत साडेबावीस लाखांच्या आसपास होती, एक्स शोरूम. म्हणजे पाच वर्षांत निम्मी. पहिल्या मालकाचं वाईट वाटलं, पण फार वेळ नाही.

आता गाडी नेमकी काय आहे. मर्सिडीजने बी-क्लास २०१२ च्या सप्टेंबरमध्ये भारतात आणली, आधी पेट्रोल, मग २०१३ मध्ये डिझेल. हिची वंशावळ मर्सिडीजच्याच छोट्या ए-क्लासची, आणि तो पहिला ए-क्लास म्हणजे १९९७ मध्ये स्वीडनमध्ये एका मासिकाच्या टेस्टमध्ये उलटलेली गाडी. रस्त्यात अचानक मूस नावाचं ते म्हशीएवढं हरिण आलं तर स्टेअरिंग झटकन वळवून गाडी वाचवता येते का अशी ती टेस्ट होती, आणि उंच अरुंद ए-क्लास सरळ कलंडला. मर्सिडीजची जगभर नाचक्की झाली, त्यांनी डिलिव्हरी थांबवल्या आणि सगळ्या ए-क्लासना ईएसपी बसवलं, म्हणजे गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा, जे तोपर्यंत महागड्या गाड्यांनाच मिळायचं. माझ्या गाडीला ईएसपी आहे त्यात त्या उलटलेल्या गाडीचा वाटा आहे असं मी घाटात स्वतःला सांगत असतो. (आमच्याकडे मूसची जागा म्हशी घेतात. त्या अचानक येत नाहीत, त्या आधीच तिथे असतात.)

बी-क्लास म्हणजे त्याच कुटुंबातली मोठी बहीण, जागा जास्त असलेली. लांबी ४,३५९ मिलिमीटर, व्हीलबेस २,६९९, डिक्की ४८८ लिटर आणि मागच्या सीट पाडल्या की १,५४७ लिटर. आकडे वाचून काही कळत नाही, त्याचं पुढे सांगतो. इंजिन २,१४३ सीसी डिझेल, पॉवर १०९ हॉर्सपॉवर म्हणजे इंजिनाच्या मानाने अगदीच संसारी, पण टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, २५० न्यूटन मीटर आणि तोही १,४०० आरपीएमपासूनच. म्हणजे सिग्नलला कुणाला हरवायचं असेल तर ही घेऊ नका. पण पाच माणसं आणि सामान भरून घाट चढायचा असेल तर गाडीला कळतच नाही की चढ आहे. गिअरबॉक्स सात स्पीडचा ड्युअल क्लच, ऑइलमध्ये बुडालेले क्लच असलेला, ट्रॅफिकमध्ये हळू सोडला तरी धक्के देत नाही.

आणि आता या गाडीची सगळ्यात मोठी गंमत. गिअरचा लिव्हर मधे नाहीच. तो स्टेअरिंगच्या उजव्या बाजूला आहे, एक छोटी दांडी, जिथे आपल्या मारुती-ह्युंदाईला इंडिकेटर असतो. खाली दाबली की डी, वर केली की न्यूट्रल किंवा रिव्हर्स, टोकाचं बटन दाबलं की पार्किंग. इंडिकेटर आणि वायपर दोन्ही डावीकडच्या एकाच दांडीवर. आता वीस वर्षं उजव्या हाताने इंडिकेटर दिलेला माणूस. गाडी घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी कर्वे रोडला डावीकडे वळायचं होतं, सवयीने उजवी दांडी वर ढकलली, गाडी न्यूट्रलमध्ये गेली आणि माझा पाय ॲक्सिलरेटरवर. भूंऽऽऽ असा आवाज आणि गाडी जागच्या जागी रेंगाळतेय. मागून स्कूटीवरच्या काकू इतक्या दचकल्या की त्यांनी जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. गंमत म्हणजे उजवीकडे वळताना काही होत नाही, कारण तेव्हा दांडी खाली जाते आणि खाली म्हणजे डी, गाडी आधीच डीमध्ये असते. म्हणजे मी फक्त डावीकडे वळताना येडा ठरायचो. चालत्या गाडीत रिव्हर्स पडत नाही तेवढं त्यांनी बघितलंय म्हणून बरं. दोन महिन्यांत हात बसला, पण मग बायकोची स्विफ्ट चालवायला घेतली की प्रत्येक वळणावर वायपर सुरू. कडक उन्हात कोरड्या काचेवर खर्र खर्र. घरातले बाकीचे हसतात, मी पाणी मारून काच पुसतोय असं दाखवतो.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं ते आईला आजतागायत पटलेलं नाही. दर वेळी, बंद पडली का रे? नाही आई, ती डिझेल वाचवतेय. आणि चालू नाही झाली तर? होते गं. झाल्यावर, हं, झाली. सात वर्षं हा संवाद चालू आहे. शेवटी मी आई बसली की ते बटन दाबून फीचरच बंद करतो.

कोकणाचं सांगतो, कारण गाडीची खरी परीक्षा तिथेच झाली. आमचं मूळ घर साखरप्याच्या पुढे. पुण्याहून कराड, मलकापूर, आंबा घाट, जाऊन येऊन सहाशे सव्वासहाशे किलोमीटर. टाकी पन्नास लिटरची, हायवेला मला एकोणीस-वीसचं ॲव्हरेज मिळतं, म्हणजे पुण्यात फुल केली की जाऊन येऊन परत पुण्यात पाव टाकीच्या वर शिल्लक. शहरात मात्र बारा-तेरा, उगाच खोटं कशाला सांगू.

पहिल्यांदा गाडी घेऊन गेलो तेव्हा चुलते अंगणात उभे. ते ऐन उमेदीत ट्रकवर होते, आणि त्यांच्या पिढीसाठी मर्सिडीज म्हणजे ट्रकच. टेल्कोने, म्हणजे आत्ताच्या टाटा मोटर्सने, १९५४ मध्ये मर्सिडीजवाल्या डायम्लर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली, तो पंधरा वर्षं चालला, त्यामुळे तेव्हाच्या ट्रकवर पुढे हाच स्टार असायचा आणि करार संपल्यावरही ते ट्रक घाटात कित्येक वर्षं पळत होते. काकांनी गाडीला एक चक्कर मारली, स्टारवर हात ठेवला आणि म्हणाले, बॉनेट उघड. दुसऱ्या दिवशी पहाटे थंड इंजिन चालू केलं तेव्हा मुद्दाम उठून आले. थंडीत हे इंजिन चांगलंच टकटकतं, आत बसलं की फारसं कळत नाही पण बाहेर उभं राहिलं की कळतं. काका डोळे मिटून ऐकत उभे, हातात राखुंडी तशीच, आणि मग म्हणाले, हां, हे खरं. पेट्रोल गाडी म्हणजे शिलाई मशीन. मी त्यांना सांगितलं की डिझेलवर चालणारी कार विकायला काढणाऱ्या पहिल्या काही कंपन्यांत हीच होती, २६० डी, १९३६ साल, आणि ती मुख्यतः टॅक्सीवाल्यांनी घेतली. काका म्हणाले, टॅक्सीवाला कधी चुकीची गाडी घेत नाही. मग परत तोंड धुवायला गेले.

त्याच ट्रिपला झोपाळ्याची फळी आणायची होती. आजोबांच्या वेळची सागवानी फळी, साडेपाच फूट लांब, जाड, दोघांनी उचलावी लागते, आणि पितळी कड्यांचा वेगळा डबा. काका म्हणत होते टेम्पो सांगू. मी मागची दोनातली मोठी सीट पाडली, फळी गोधडीत गुंडाळली, मागून सरकवली, ती ड्रायव्हरच्या मागून तिरकी जाऊन मधल्या फटीत टेकली, मागचं दार अलगद बंद झालं. डाव्या बाजूची सीट शाबूत, तिथे आई, फळीवर हात ठेवून. फळीच्या वर तांदळाचं अर्धं पोतं, खाली कोकम, नारळ, फणसाचे गरे डब्यात बंद (तरी वास आलाच), आंब्याच्या पेट्या चार. मागचं दार रुंद उघडतं आणि डिक्कीचा उंबरा खाली आहे, म्हणून पोतं उचलून वर टाकावं लागत नाही, नुसतं ढकलायचं. हे लिटरमध्ये लिहिता येत नाही. सेडानमध्ये ती फळी गेलीच नसती, आणि एसयूव्हीत गेली असती पण आई गेली नसती.

मग विकली का गेली नाही? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. पंचवीस लाख ऑन रोड देणाऱ्या माणसाला २०१३ मध्ये तीन गोष्टी पाहिजे होत्या, पुढे स्टार, मागे डिक्की आणि शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर एक्स्प्रेशन. बी-क्लासकडे पहिली होती, दुसरी पोटात लपलेली आणि तिसरी तर वॉचमनच्या प्रसंगात सांगितलीच. आपल्याकडे हॅचबॅक म्हणजे पहिली गाडी, स्वस्तातली गाडी, ही गणितं डोक्यात पक्की. त्यातून सरकारी टॅक्स सवलत चार मीटरच्या आतल्या आणि डिझेल असेल तर १,५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना, ही लांबीतही बाहेर, इंजिनातही बाहेर. म्हणजे टॅक्स मोठ्या गाडीचा आणि रुबाब छोट्या गाडीचा.

त्या वर्षी सगळ्यांनाच महागड्या हॅचबॅकचा हा किडा चावला होता. त्याच २०१३ मध्ये ए-क्लासचं डिझेल आलं, बीएमडब्ल्यूची १ सीरिज आली, व्होल्वोची व्ही ४० क्रॉस कंट्री आली. बीएमडब्ल्यू ११८डी मी चालवून बघितली होती, मागच्या चाकांवर पळणारी, चालवायला कमाल, आणि मागे बसायला आमच्या आईच्या भाषेत "कोंबड्यांच्या खुराड्यासारखी". व्ही ४० ची गोष्ट मला फार आवडते, जगात पहिल्यांदा पादचाऱ्यासाठी एअरबॅग त्या गाडीला आली, माणूस धडकला तर बॉनेटच्या मागच्या कडेतून फुगा बाहेर येतो. पुण्यात ती किती वेळा फुटली असती कुणास ठाऊक, इथे पादचारी आणि गाड्या एकमेकांना चिकटूनच चालतात. यातली एकही आपल्याकडे टिकली नाही.

आणि मग २०१४ मध्ये मर्सिडीजने जीएलए आणली. याच कुटुंबातली, डिझेलला हेच २,१४३ सीसीचं इंजिन, जरा उंच केलेली, काळं प्लास्टिक लावलेली, डिक्की ४२१ लिटर म्हणजे हिच्यापेक्षा कमी. ती धडाधड विकली गेली. आमच्याच पार्किंगमध्ये एक आहे. त्यांना कुणी विचारत नाही स्टार कुठून बसवला म्हणून.

शिवाय डिझेलचा काळच फिरला. गाडी आली तेव्हा पेट्रोल-डिझेलच्या भावात मोठा फरक होता म्हणून सगळं जग डिझेलमागे. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये डिझेलचा भाव सरकारने मोकळा केला, फरक आटत गेला. २०१५ च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरात २,००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांचं रजिस्ट्रेशन थांबवलं, आणि मर्सिडीजच्या या इंजिनाचे १४३ सीसी नेमके जास्त. ती बंदी पुढच्या ऑगस्टमध्ये उठली, पण लोकांच्या मनात जे बसायचं ते बसलं. २०२० ला बीएस सिक्स, म्हणजे धुराचे आणखी कडक नियम, आलं आणि विषय संपला. नंतर मर्सिडीजची हॅचबॅक भारतात परत आली ती ए ४५ एस, पेट्रोल, ४२१ हॉर्सपॉवर, ऐंशी लाखांच्या जवळ. त्यात फळी जाईल का कुणी विचारलं नसणार.

खर्चाचं लोक हमखास विचारतात. पहिलं सर्व्हिसिंग मी एका चकचकीत वर्कशॉपमध्ये केलं, तिथे मला कॉफी, कुकी आणि असं बिल दिलं की आईला आजपर्यंत खरा आकडा सांगितलेला नाही. मग मित्राने एका मिस्त्रींकडे पाठवलं, पत्र्याची शेड, बाहेर मोगऱ्याची कुंडी, आत लॅपटॉप लावून जर्मन गाड्या उघडलेल्या. त्यांचं एकच तत्त्व, ऑइल वेळेवर बदला, गिअरबॉक्सचं ऑइल तर विसरूच नका, आणि गाडीला कळू देऊ नका की तुमच्याकडे पैसे आहेत. वर्षाला पस्तीस-चाळीस हजार जातात, टायर-बॅटरीच्या वर्षी जास्त. स्विफ्टच्या दुपटीहून जास्तच आहे, नाही कशाला म्हणू. गाडी खाली आहे, आमच्या गल्लीतला एक स्पीडब्रेकर तर कुणीतरी समाधी बांधल्यासारखा बांधलाय, तो मी तिरका घेतो आणि पाचजण असले तर दोघांना उतरवतो. ते दोघं चालत पुढे येऊन बसतात, कॉलेजच्या मुलांना वाटतं आम्ही शूटिंग करतोय.

आता एक लाख एकतीस हजार झाले. आईच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन मागच्या वर्षी झालं, हॉस्पिटलमधून घरी आणायला भावाने ॲम्ब्युलन्स सांगितली होती, आई म्हणाली आपली गाडी आण. नर्सने व्हीलचेअर दाराला लावली, आई उठली, वळली, बसली. २०२९ ला पंधरा वर्षं पुरी होतील, मग परत रजिस्ट्रेशन, पर्यावरण टॅक्स वगैरे, तेव्हाचं तेव्हा बघू. त्याच यार्डवाल्याचा मधे फोन आला होता, सर देणार का, चारपर्यंत बघतो. मी म्हटलं तुम्हीच म्हणाला होतात ना रिसेल नाही. म्हणाला, सर आता एकजण आलाय, तोही टेप घेऊन फिरतोय.

असो. एक काम होतं. मागच्या काचेखालची झाकणी, तिची डावीकडची दोरी तुटलीय, मीच तिच्यावर आंब्याची पेटी ठेवली होती. नवीन पूर्ण झाकणी फार महाग सांगतात, मला फक्त दोरी पाहिजे. मिस्त्री म्हणाले चपलेची नाडी लावा, ती लावलीय सध्या, पण तिचा रंग लाल आहे. कुणाकडे भंगारात बी-क्लास असेल तर कळवा, मे महिन्याच्या आत मिळाली तर बरं, पेट्या आणायला जायचंय.